दिवा कोणी हलवला

दुसरा फ्लॅश ऐन वेळी फट् आवाज करून गेला, आणि सगळ्यांत आधी हसली ती आई.

"गेला? मला वाटलंच होतं. माझ्या वाढदिवसाला या घरात काही ना काही जातंच. साठीला पंखा गेला, सत्तरीला पाण्याची मोटार. पंचाहत्तरीला फ्लॅश."

थोरल्या मुलाला हसू आलं नाही. त्याने फ्लॅश स्टँडवरून उतरवला, नाकाशी धरून वास घेतला आणि तोंड कडू केलं. "ट्यूब जळली. आज रविवार. आज काही मिळायची नाही."

"मग उद्या काढू की," थोरली सून म्हणाली.

"उद्या भाऊ त्याच्या गावी परत जाणार," छकुली म्हणाली. ही छकुली आता बेचाळीस वर्षांची होती आणि शाळेत गणित शिकवत होती. तिच्या वर्गातली मुलं तिला चळचळा कापत, पण घरात तिचं नाव बदलायला कोणी तयार नव्हतं.

"उद्याबिद्या काही नाही," आई म्हणाली. "मी मागून मागून एकच गोष्ट मागितली. सगळ्यांचा एक फोटो, या खोलीत, आज. तुम्ही घरात तीन-तीन फोटोवाले असून एका दिव्यावर सात माणसं बसवता येत नसतील तर बाहेरची पाटी काढून टाका."

खोली सगळ्यांना पाठ होती. खाली स्टुडिओ, वर घर. लांबट खोली, एका टोकाला राखाडी कागदाचा मोठा रोल छतापासून जमिनीपर्यंत सोडलेला, दुसऱ्या टोकाला काचेचं दार आणि त्याला जाड काळा पडदा. भिंतीला टेकून थर्माकोलचे दोन पांढरे तक्ते उभे. कोपऱ्यात पांढरी छत्री, पावसासाठी नव्हे, फ्लॅशचा उजेड मऊ करण्यासाठी. तिची एक काडी अण्णांच्या काळात मोडलेली, ती अजून दोऱ्याने बांधलेली होती. अण्णा, म्हणजे या तिघा भावंडांचे वडील, जाऊन सोळा वर्षं होत आली होती, पण त्यांनी मारलेली गाठ कोणाला सोडवत नव्हती.

थोरल्याने उरलेल्या एकुलत्या फ्लॅशकडे पाहिलं, मग मांडलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने शेकडो ग्रुप फोटो काढले होते, आणि प्रत्येक वेळी दोन दिवे. उजवीकडे एक, डावीकडे एक, मधे माणसं. त्यात विचार करायची कधी वेळच आली नव्हती.

"एका दिव्यावर..." तो म्हणाला आणि थांबला.

मग सगळे हळूच दाराकडे बघू लागले. तिथे काळ्या पडद्याला पाठ लावून धाकटा उभा होता.

धाकट्याने दुसऱ्या गावात जाऊन स्वतःचं चांगलं बस्तान बसवलं होतं. तो बरण्यांचे, बुटांचे, डब्यांचे फोटो काढायचा. माणसांचे काढत नसे. आईला भेटायला वर्षातून दोनदा यायचा, वर घरात दोन दिवस राहायचा, आणि जाताना स्टुडिओच्या दारावरून सरळ पुढे निघून जायचा. आज सकाळी आईने त्याच्या मनगटाला धरून त्याला खाली आणलं होतं. पण दारापाशी आल्यावर त्याचे पाय थांबले ते थांबलेच.

कारण त्याला ही खोली पाहिली की एकच वाक्य ऐकू येई. छकुलीच्या लग्नात, याच कागदासमोर, घरच्या सगळ्यांचा फोटो त्याने काढला होता. तेव्हाही दिवा एकच होता, दुसरा फ्लॅश लग्नाच्या मांडवात नेलेला होता. रोलमधलं शेवटचं चित्र, एकदाच खटका. धुवून आल्यावर दिसलं की सगळी रांग छान उजळलेली आहे आणि डाव्या टोकाला उभे असलेले अण्णा अर्धे सावलीत गेलेत. चार महिन्यांनी अण्णा गेले. त्यांचा तोच शेवटचा फोटो ठरला. त्या आठवड्यात कपाटापाशी दोघेच असताना थोरला त्याला म्हणाला होता, "तू अण्णांना अंधारात टाकलंस." बस, एवढंच. धाकट्याने पंधरा दिवसांनी बॅग भरली. दोघांनीही हे कोणाला सांगितलं नाही. घरच्यांनी समजून घेतलं की भाऊ-भाऊ आहेत, स्टुडिओवरून वाजलं असेल.

"भाऊ," आता छकुली म्हणाली, "तू एका दिव्यावर बरण्यांची अख्खी रांग उजळवतोस ना? मग आम्हाला बरण्या समज."

"वहिनींना बरणी म्हणायची माझी हिंमत नाही," धाकटा म्हणाला.

थोरली सून खळखळून हसली. हसता हसताच तिने नवऱ्याच्या पाठीत कोपर मारलं. तिच्या संसारात तिने बरीच कामं अशीच, कोपराने केली होती.

थोरल्याने घसा साफ केला. धाकट्याकडे न बघता, फ्लॅशच्या वायरकडे बघत म्हणाला, "लाव तूच."

धाकटा दारापासून सुटला. खोलीत आल्यावर मात्र त्याच्या हातांना काही सांगावं लागलं नाही. त्याने स्टँड उचलला आणि माणसांपासून लांब लांब नेत पार उजव्या कोपऱ्यात, भिंतीला टेकवला.

"अरे, एवढा लांब?" थोरल्याच्या तोंडून निघालंच.

"जवळ ठेवला तर या टोकाचा माणूस भाजून निघतो आणि त्या टोकाचा दिसत नाही. लांब नेला की दोघांमधला फरक कमी होतो." त्याने स्टँडची नळी उंच केली, छत्री खाली झुकवली. "उंच, म्हणजे जावईबुवांच्या चष्म्यात चमक यायची नाही. आणि दिव्याचं तोंड जवळच्या माणसाकडे नाही, लांबच्याकडे. जवळच्याला कडेचा उजेड पुरतो."

मग त्याने दोन्ही थर्माकोलचे तक्ते डाव्या टोकाला उभे केले, तिकडे गेलेला उजेड परत यावा म्हणून. थोरला बघत राहिला. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. कधीतरी अण्णांनी शिकवलं होतं. दोन दिवे मिळाल्यावर तो ते विसरला होता.

"आई, ये जरा, दिवा बघतो," धाकटा सवयीने म्हणाला.

आई उठली नाही. "नाही," ती म्हणाली.

सगळे चकित झाले. या घरात हे वाक्य कानावर पडलं की आई हातातलं टाकून यायची. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं नाही, आधी घरच्या माणसावर दिवा बघून घ्यायचा, हा अण्णांचा नियम. ते घरचं माणूस म्हणजे आई. चोपन्न वर्षं ती दुसऱ्यांच्या जागेवर उभी राहिली. नवरीच्या जागी, पासपोर्टवाल्याच्या जागी, तान्ह्या बाळाच्या जागी उशी मांडीवर घेऊन. खणात तिचे शेकडो फोटो होते, ओल्या हातांनी, विस्कटलेल्या केसांनी, एकात तर तोंडात घास असलेला. सगळे उजेड तपासायला काढलेले. तिचे असे तिला पाचसुद्धा आठवत नव्हते.

"आज मी दिवा बघायला उभी राहणार नाही," आई म्हणाली. "आज मी फोटोला बसणार आहे. जावईबापूंना बसवा."

जावई मुकाट्याने आईशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, बोलणं मोजकं. थोरला त्यांना म्हणाला, "आता हलू नका हं," आणि ते खरोखरच हलले नाहीत. पुढचा पाऊण तास ते तसेच होते, गुडघ्यांवर हात ठेवून. त्यांच्याकडे बघून पुतळा असल्याची शंका यावी.

नातीने, म्हणजे थोरल्याच्या मुलीने, तिवईवरच्या कॅमेऱ्यातून पहिला फोटो काढला. सगळे आपापल्या जागी बसून-उभे राहून. पुढे आई, एका बाजूला जावई, डाव्या टोकाला छकुली. मागे थोरली सून, धाकटा, आणि उजव्या टोकाला थोरला. नातीची जागा मोकळी, ती शेवटी रिमोट हातात घेऊन पळत येणार होती.

"काका, मस्त आलाय!" ती ओरडली.

बस, तिथेच काढून मोकळं व्हायला हवं होतं. पण थोरला पंखा बंद करायला गेला, कागद फडफडतो म्हणून. मग थोरल्या सुनेला वर गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. मग छकुलीची केसांतली पिन पडली. मग आईची उशी सरकली. दर वेळी एक जण उठे, दर वेळी "आता तरी बसा" असा आरडाओरडा होई, आणि दर वेळी नात एक फोटो काढून ठेवी. आई मधे बसून मजा बघत होती. बऱ्याच दिवसांनी तिच्या घरात इतका गोंधळ चालला होता. तिला तो थांबायला नको होता.

सहावा फोटो काढल्यावर नात कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघतच राहिली.

"काय झालं?" थोरला जागा सोडून आलाच. पडद्यावर पाहिलं. आई पांढरीफटक पडली होती, जावयांच्या चष्म्यात दोन पांढरे गोळे, आणि डाव्या टोकाची छकुली अर्धी अंधारात.

त्याचं डोकं तडकलं. पुढचं वाक्य त्याने ठरवून उच्चारलं नाही, ते सोळा वर्षं जिभेवर होतं म्हणून निसटलं. "डावं टोक गेलं! पुन्हा तेच! तेव्हाही असंच अण्णांना अंधारात टाकलंस!"



धाकटा मागच्या रांगेतून बाहेर आला. चेहरा उतरला होता, पण आवाज शांत होता. "मी लावला तेव्हा बरोबर होता, दादा. तेव्हाही आणि आत्ताही. मी वर जातो."

"थांब," आई म्हणाली. "तेव्हाही म्हणजे केव्हा?"

धाकटा दाराकडे चालतच राहिला.

आता नातीचं सांगायचं तर ती तेव्हा सहा वर्षांची होती. त्या लग्नातलं तिला काही आठवत नव्हतं. पण काका दाराकडे चाललाय आणि बाबा हाताची बोटं मोडत उभा आहे, एवढं तिला दिसत होतं. आणि तिच्या हातात कॅमेरा होता.

"काका, एक मिनिट. इकडे ये. सगळे या." तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पहिला फोटो आणला, बोटांनी मोठा केला, जावयांचा चष्मा पडदाभर झाला. "हे बघा. पहिल्या फोटोत छत्री यांच्या काचेत वर, अगदी कोपऱ्यात दिसतेय. हो ना? दुसऱ्यात बघा. मोठी दिसतेय. म्हणजे जवळ आली. तिसऱ्यात खाली उतरली. चौथ्यात वळली. आतोबा तर हललेले नाहीत."

"नाही हललो," जावई ओठ न हलवता म्हणाले.

"म्हणजे दिवा हलला. आणि दिव्याला पाय नाहीत." तिने मान वर केली. "पहिल्या फोटोनंतर पंखा बंद करायला कोण गेलं होतं?"

थोरला आपल्याच बुटांकडे बघू लागला. पंख्याचं बटण कोपऱ्यात, दिव्याच्या शेजारीच होतं.

"एक पाऊल पुढे घेतला," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, एवढ्या लांबून पोचायचा नाही."

"एकच पाऊल?"

"दोन."

"आणि दूध बघायला?"

"दूध नव्हतंच," थोरली सून म्हणाली. तिला हसू दाबता येईना. "उंच दिव्याने माझ्या डोळ्यांखाली काळं दिसतं. हातभर खाली केला. फक्त हातभर."

"माझी पिन मुद्दाम पाडलेली होती," छकुलीने विचारायच्या आतच सांगून टाकलं. "आईवर जास्त उजेड पडावा म्हणून मी जरा तिच्याकडे वळवला. वाढदिवस तिचा आहे ना!"

"आणि मी," नात म्हणाली, "पॉवर वाढवली. दोनदा."

धाकटा एकेकाकडे बघत होता. मग त्याच्या खांद्यांना हिसका बसला. सगळ्यांना वाटलं, रडतोय. तो हसत होता. "अरे, काय माणसं आहात तुम्ही! एका दिव्याला पाच मालक!"

मग हसण्याचा जो काही गोंधळ उडाला, त्यात छकुली डोळे पुसू लागली, थोरली सून जमिनीवरच बसली. थोरलासुद्धा हसत होता, पण भावाच्या नजरेला नजर देत नव्हता. जावयांनी विचारलं, "आता हललं तर चालेल का?" त्यावर पुन्हा एकदा सगळे हसले.

आई हसत नव्हती.

"आणि त्या दिवशीचा मी हलवला होता," ती म्हणाली.

एकदा सांगून कोणाला कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं.

"छकुलीच्या लग्नातला. तुम्ही सगळे उभे राहिलात आणि मी पाणी प्यायला म्हणून गेले नाही का? तेव्हा. छत्री चार बोटं उजवीकडे फिरवली. बाकी सगळ्यांवर उजेड राहील आणि यांच्यावर पडणार नाही, एवढीच. चोपन्न वर्षं दिव्यासमोर उभी राहिलेय मी, मला कळतं तो कुठे पडतो."

"पण का, आई?" थोरल्याने विचारलं.

"त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. गाल बसले होते, रंग पिवळा पडला होता. तुम्ही लग्नाच्या धावपळीत, कोणाच्या लक्षात आलं नाही. मला म्हणाले, पोरीचं लग्न होऊ दे, मग सांगू. फोटोत मात्र माझ्यावर फार उजेड येऊ देऊ नकोस, पोरं फोटो बघत बसतील आणि त्यांना दिसेल." तिने पदर नाही की रुमाल नाही, सरळ हाताच्या पंजाने डोळे पुसले. "मला वाटलं तुम्ही दोघं या दुकानावरून भांडलात. तुमच्या भांडणात मी पडले नाही. त्या फोटोवरून भांडलात, हे मला आज कळतंय. मूर्ख आहात. मला विचारलं असतं तर एका वाक्यात संपलं असतं. मूर्ख मीही, मीही विचारलं नाही."

नात धावत वर गेली आणि आजीच्या कपाटातून तो फोटो घेऊन आली. तो भिंतीवर कधी लागलाच नव्हता. आईने तो हातात घेतला आणि दोन्ही मुलांना जवळ बोलावलं. "या, बघा. दोघं एवढे फोटोवाले, पण या फोटोत तुम्ही नुसता उजेड बघितलात. माणसं बघितलीच नाहीत."

दोघं वाकले. छकुलीला त्याच क्षणी शिंक आली होती. हे सगळ्यांना माहीत होतं, घरात त्यावरून चेष्टा चालायची. हसू फुटलेली सगळी रांग नवरीकडे वळलेली. थोरला नवरीकडे बघतोय, त्याची बायको नवरीकडे बघतेय, सहा वर्षांची नात नवरीकडे बघतेय. डाव्या टोकाला, सावलीत, अण्णा तेवढे समोर बघत होते. कॅमेऱ्याकडे. किंचित हसत, जसं कोणाचं तरी काम पाहून माणूस हसतो.

"कॅमेऱ्यामागे तू होतास," आई धाकट्याला म्हणाली. "सगळे तिच्याकडे बघत होते, हे एकटे तुझ्याकडे बघत होते."

धाकट्याने फोटो दिव्याखाली नेला, बराच वेळ धरून ठेवला. थोरला त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. माफी मागायची त्याला सवय नव्हती, आणि सवय असती तरी सोळा वर्षांची एकदम कशी मागतात ते त्याला माहीत नव्हतं. शेवटी तो जाऊन खडू घेऊन आला. स्टँड उचलून पुन्हा कोपऱ्यात भिंतीला टेकवला आणि धाकट्याला म्हणाला, "तू लाव. मी खूण करतो."

धाकट्याने दिवा उंच केला, छत्री लांबच्या टोकाकडे वळवली, पॉवर खाली आणली. थोरल्याने गुडघ्यांवर बसून स्टँडच्या तिन्ही पायांभोवती खडूने जाड गोल काढले. मग उठून सगळ्यांकडे बोट रोखून म्हणाला, "आता या दिव्याला जो हात लावेल, त्याचा मी पासपोर्ट फोटो काढीन. समोरून, एका फ्लॅशवर, आणि सगळ्यांना वाटीन."

सगळे बसले. नात रिमोट मुठीत लपवून मागच्या रांगेत आली. नातीने तीनपर्यंत मोजायला सुरुवात केली. एक, दोन, आणि कागदाच्या रोलवरची धूळ नाकात गेल्याने छकुली जोरात शिंकली.

खटका बसला.

"आत्या!"

"मी काय मुद्दाम करते का?"

सगळे उठून कॅमेऱ्याभोवती जमले. पडद्यावर छकुलीचं तोंड वाकडं, डोळे मिटलेले. थोरली सून तिच्याकडे वळून हसतेय, नात हसतेय, धाकटा मान मागे टाकून हसतोय. थोरल्याचा हात धाकट्याच्या खांद्यावर आहे, तो कधी ठेवला ते त्यालाही सांगता आलं नसतं. पहिल्यांदाच जावई हललेले. आणि मधे, भरपूर उजेडात, आई. तिची मान वळलेली नाही, पापणी लवलेली नाही. ती सरळ समोर बघतेय.

"दुसरा काढू," नात म्हणाली.

"काही नाही. हाच," आई म्हणाली. "हाच भिंतीवर लावायचा. आणि तो जुना याच्या शेजारी."

थोरल्याने फोटो मोठा केला. डोळे बारीक करून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. सगळी घाबरून बघत होती, कारण या माणसाने आयुष्यात कोणाच्या फोटोला चांगलं म्हटलेलं ऐकिवात नव्हतं.

"उजेड चांगला आहे," तो म्हणाला.

धाकट्याने त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "उजव्या टोकाला कमी पडलाय, दादा. तुझ्या चेहऱ्यावर."

थोरल्याने कॅमेरा बंद केला.

"मला पुरे," तो म्हणाला.